धुळीचं वादळ, कौलारू घर आणि अण्णांचा दमा

२२-२३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडून उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणावर आली. आम्ही रेवदंड्याचे. इथे समोर खाडीपलीकडे कोरलईचा किल्ला स्पष्ट दिसतो. त्या दिवशी तो पार पुसला गेला. अंगणातल्या गाडीवर पांढरट पूड बसली. माझ्या वडिलांना, अण्णांना, जुना दमा. संध्याकाळपर्यंत त्यांची छाती वाजायला लागली.

त्रास होताच घ्यायचा निळा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून दिला. वयस्कर माणसाला पंप दाबणं आणि त्याच क्षणी श्वास ओढणं जमत नाही, औषध घशातच राहतं. स्पेसरमध्ये ते थांबतं, मग सावकाश ओढता येतं. ज्यांच्या घरी दमा आहे त्यांनी तो आणाच. रात्री अण्णांना एक वाक्य सलग बोलता येईना, तेव्हा सकाळची वाट न बघता अलिबागला नेलं. तिथे नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचा बारीक फवारा देणाऱ्या यंत्राने, उतार पडला.

डॉक्टरांनी रोज घ्यायचा स्टेरॉईडचा पंप लिहून दिला (बरं वाटलं तरी सोडायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची) आणि मग घराचीच चौकशी केली. चूल कुठे पेटते? माळ्यावर काय आहे? झोपता कुठे?

कौलारू घराची अडचण इथेच आहे. दारं-खिडक्या लावल्या तरी कौलांच्या फटींतून वारा आत येतोच. जाड धूळ खाली बसते, पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण तासन्‌तास तरंगतात आणि फुफ्फुसात खोलवर जातात. सगळं घर राखणं शक्य नव्हतं. म्हणून वर पक्कं छत असलेली एकच खोली अण्णांसाठी धरली. हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र तिथेच ठेवलं. ओटीवर त्याचा काही उपयोग नाही. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र घेऊ नका, ओझोनने दमेकऱ्याचा त्रास वाढतो.

खोलीत केरसुणी बंद, फक्त ओलं फडकं. पंख्याची पातीसुद्धा ओल्या फडक्याने. अण्णांना आत्याकडे पाठवून भावाने आणि मी एन-९५ मास्क लावून माळ्यावरचं धुळकट सामान खाली उतरवलं. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत.

खरी ओढाताण धुराची झाली. न्हाणीची चूल सोडणांवर (नारळाच्या सुक्या सालांवर) पेटायची आणि तिचा धूर थेट माजघरात. आईला गॅसवर पाणी तापवणं पटेना. "इतकी वर्षं कुणाला काय झालं?" मी वाद घातला नाही. चूल मागच्या परसात, वारा धूर घरापासून लांब नेईल अशा बाजूला हलवली. मच्छर अगरबत्तीच्या जागी मच्छरदाणी आली. देवापुढची उदबत्ती आईने आपणहून तुळशीपाशी लावायला सुरुवात केली, तेव्हा मला भरून आलं.

वादळ गेलं, पण पुढे राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे दिवस आले आणि पुन्हा धूर. शेजारच्या काकांना विनंती केली, "काका, राब पेटवायच्या आदल्या दिवशी सांगाल का?" ते न चुकता सांगतात. त्या दिवशी अण्णा सकाळच्या एसटीने आत्याकडे जातात, पंप आणि स्पेसर पिशवीत घेऊन.