अर्धे पत्र

मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले की समोरच्या भिंतीवर काळ्या चौकटीतले ते पत्र दिसायचे. लिंकनने आपल्या मुलाच्या शिक्षकांना लिहिलेले. आमच्या पिढीत ते पाठ नसलेला मुलगा सापडणे कठीण होते. गॅदरिंगला कुणीतरी ते म्हणायचेच आणि पालकांच्या डोळ्यांत पाणी यायचे. माझी लिंकनशी ओळख त्या चौकटीतूनच झाली. मी १९८८ साली दहावी झालो. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवण लिहा असा निरोप आला, तेव्हा क्रीडांगण, सहली, स्नेहसंमेलने यांच्या आधी मला नववीतले दोन शनिवार आठवले.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की अकरा नंबरच्या वर्गात वादविवाद मंडळ भरायचे. मंडळ आमच्या इतिहासाच्या सरांचे. त्यांचा नियम असा, की या शनिवारी जो ठरावाच्या बाजूने बोलला त्याने पुढच्या शनिवारी विरोधात बोलायचे. विषय तोच, बोलणारे तेच, बाजू तेवढी उलटी. त्या फेब्रुवारीत फळ्यावर ठराव लिहिला होता : ‘अमेरिकेतील यादवी युद्धाचे मूळ कारण गुलामगिरी हेच होय.’ पहिल्या शनिवारी मी विरोधात होतो आणि माझ्याच वर्गातली एक मुलगी बाजूने.

वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावात १९८७ साली अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तके कुठून मिळणार? सरांचे मेहुणे नागपूरला होते. त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मूळ भाषणांचे आणि जाहीरनाम्यांचे उतारे फुलस्केप कागदांवर हाताने उतरवून आणले. सरांनी रात्री बसून त्यांचे मराठी केले, खाली निळे कार्बन घालून. माझ्या वाट्याला चौथी प्रत आली. अक्षरे इतकी पुसट, की कागद खिडकीशी धरून वाचावा लागे.

मी तयारी जोरात केली होती. १८६१ ते १८६५ चे ते युद्ध संघराज्यात राहिलेली उत्तर आणि त्यातून फुटून निघालेली दक्षिण यांच्यातले. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत शेती. उत्तरेला आयातीवर जकात हवी, दक्षिणेला नको. राज्यांचे अधिकार मोठे की केंद्राचे, हा जुना तंटा. आणि माझा हुकमाचा एक्का म्हणजे २२ ऑगस्ट १८६२ चे लिंकनचे पत्र, न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेले. त्यात तो सरळ म्हणतो की या लढ्यातले माझे पहिले उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचवता आले तर मी तसे करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचवता आले तर तसे करीन. ते वाचून मी कागद टेबलावर ठेवला आणि विचारले, ‘खुद्द लिंकनच सांगतोय, मग कारण गुलामगिरी कसे?’ टाळ्या पडल्या. पहिला नंबर मला मिळाला.

सरांनी मला पाण्याच्या टाकीपाशी गाठले. म्हणाले, ‘पत्राचं शेवटचं वाक्य वाच.’

ते वाक्य माझ्या कागदावर होते. मी भाषणात मुद्दाम त्याच्या आधी थांबलो होतो. वाक्य असे, की हे मी माझ्या पदाच्या कर्तव्याबद्दल बोललो. सर्व माणसे सर्वत्र मुक्त असावीत ही माझी अनेकदा बोलून दाखवलेली वैयक्तिक इच्छा आहे आणि तिच्यात कसलाही बदल नाही. मी खाली मान घालून वाचले. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, ‘हे पत्र लिहिलं त्या दिवशी त्याच्याजवळ काय तयार होतं, ठाऊक आहे?’

गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा. २२ जुलैला, म्हणजे पत्राच्या महिनाभर आधी, त्याने तो मंत्रिमंडळाला वाचूनही दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांनी सल्ला दिला, की आत्ता सैन्य मार खातेय, आत्ता काढलात तर हा पराभूताचा आक्रोश वाटेल. एखादा विजय मिळू द्या. १७ सप्टेंबरला अँटीटमच्या लढाईनंतर दक्षिणेचे सेनापती ली यांचे सैन्य माघारी गेले, २२ तारखेला जाहीरनाम्याची घोषणा झाली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. म्हणजे जे पत्र वाचून मी ‘याला गुलामगिरीचे काही नव्हते’ असे सिद्ध केले, ते लिहिणाऱ्या माणसाचा निर्णय आधीच झालेला होता. तो लोकांचे मन तयार करत होता.

‘आता दुसरं,’ सर म्हणाले. ‘राज्यांचे अधिकार म्हणालास. कशाचा अधिकार?’

या एका प्रश्नाने माझा पुढचा आठवडा घेतला. मी त्या पुसट कागदांत उत्तर शोधत बसलो आणि ते पानापानावर सापडू लागले. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना हे राज्य सर्वांत आधी फुटून निघाले. का निघालो याचे निवेदन त्यांनी स्वतःच काढले. त्यातली मोठी तक्रार ही, की उत्तरेतली राज्ये पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला अधिकार वापरला, तर तोच दक्षिणेला खुपत होता! मिसिसिपीने तर सुरुवातीलाच लिहिले, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स म्हणाले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची नैसर्गिक स्थिती, आणि आमच्या नव्या सरकारची कोनशिला याच सत्यावर बसवली आहे. ते ‘सत्य’ म्हणाले. चौदाव्या वर्षी मी तो शब्द वाचून कागद बाजूला ठेवला होता, आणि आजही तो वाचताना मला तसेच होते.

जकातीचा माझा मुद्दा तारखांपुढे टिकला नाही. ज्या वाढीव जकातीचा मी गाजावाजा केला तो मॉरिल कायदा मार्च १८६१ चा. तोवर सात राज्ये निघून गेली होती. किंबहुना त्यांचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले म्हणूनच तो मंजूर होऊ शकला.

त्याच आठवड्यात सर आम्हाला गावातल्या जिनमध्ये घेऊन गेले. हंगाम सरत आला होता तरी सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्राबाहेर गाड्यांची रांग होती. माझे बाबाही त्या रांगेत, ग्रेडर कोणता ग्रेड लावतो या काळजीत. यंत्रातून एकीकडे रुई आणि दुसरीकडे सरकी पडत होती. त्या आवाजात सर ओरडून सांगत होते, की हातांनी सरकी काढायची तर एका माणसाच्या दिवसभरात एखादा शेर रुईसुद्धा मुश्किलीने निघायची. १७९३ मध्ये एली व्हिटनीने तिकडे जिन बनवले. वाटेल, यंत्र आले, कष्ट वाचले. पण रुई झपाट्याने निघू लागली, म्हणून कापूस परवडू लागला, म्हणून जमीन वाढवली, आणि पेरायला-वेचायला माणसे विकत घेतली. १८६० च्या शिरगणतीत तिथे गुलामांची संख्या ३९ लाखांच्या वर होती. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी वेचणी व्हायची. बोंडाची टोके बोटांना कशी लागतात ते आम्हाला कुणी सांगायला नको होते. दुसऱ्याच्या मालकीचे होऊन, मजुरीविना, जन्मभर वेचायचे, आणि आपल्या पोरालाही एक दिवस कुणीतरी विकणार. त्या दिवशी ते ३९ लाख मला पहिल्यांदा माणसे म्हणून दिसले.

आपल्याकडेही ते युद्ध पोचले होते. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांनी आपल्या कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअर्सचा जुगार चालला, समुद्रात भराव घालायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून भले भले बुडाले. प्रेमचंद रायचंद यांच्या त्या तेजीतल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर पाहताना मला दरवेळी ती नाकेबंदी आठवते.

दुसऱ्या शनिवारी मी ठरावाच्या बाजूने उभा राहिलो, आणि विरोधात ती मुलगी. ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिने कारणांचा वाद बाजूलाच ठेवला आणि थेट लिंकनलाच धरले. १८५८ मध्ये चार्ल्सटनच्या सभेत, ‘दोन्ही वंशांची सामाजिक-राजकीय समता आणावी या मताचा मी नाही’ असे तो म्हणाला की नाही? मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर भागालाच लागू होता, मग केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअरमधल्या गुलामांचे काय? न्यायालयात उभे न करता लोकांना कोठडीत ठेवले की नाही? आणि २६ डिसेंबर १८६२ ला मिनेसोटात ३८ डकोटा आदिवासींना एकाच वेळी फाशी दिले, ती कुणाच्या सहीने? मी उत्तर दिले, की लष्करी न्यायासनाने ३०३ जणांना फाशी सांगितली होती, लिंकनने कागद तपासून बाकीच्यांना वगळले. ती म्हणाली, ‘अडतीस उरले ना?’

आजही माझ्याकडे याला उत्तर नाही. उत्तर असावे असे मला वाटतही नाही.

त्या शनिवारी शेवटी सर बोलले. त्यांनी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचून दाखवली. पुस्तक १८७३ चे, म्हणजे अमेरिकेतले युद्ध संपून आठच वर्षे झालेली. जोतिरावांनी ते अर्पण केले आहे गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ‘लोकांना,’ सर दोनदा म्हणाले. त्यात पळून आलेले गुलाम होते, उत्तरेच्या सैन्यात भरती झालेले पावणेदोन लाखांवर काळे सैनिक होते, आणि त्या युद्धात मेलेले उत्तरेचे साडेतीन लाखांवर सैनिकही होते. मग फळ्याकडे वळून त्यांनी ठरावातल्या ‘यादवी’ या शब्दाखाली रेघ ओढली. प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन एकमेकांवर उठले, लव्हाळी उपटून एकमेकांना मारत सुटले. भाऊबंदांचे निष्कारण भांडण, म्हणून आपण यादवी म्हणतो. ‘पण ज्याला विकलं जात होतं तो या भांडणातला भाऊ होता का? आणि हे निष्कारण होतं का?’ टोल पडला, आणि त्या शनिवारी नंबर काढायचे राहून गेले.

पुढे मी बँकेत लागलो, वाचन मात्र सुटले नाही. धाकटा भाऊ व्हर्जिनियात असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा आधी वॉशिंग्टनचे लिंकन स्मारक पाहिले. लोक त्या बसलेल्या पुतळ्याचे फोटो काढतात. मी उत्तरेच्या भिंतीपाशी उभा राहिलो. ४ मार्च १८६५ चे त्याचे भाषण तिथे कोरले आहे. देशाच्या एका भागात एकवटलेले गुलाम हा एक खास आणि बलाढ्य हितसंबंध होता, आणि हाच कोणत्या ना कोणत्या प्रकारे युद्धाचे कारण आहे हे सगळे जाणत होते, असे तो म्हणतो. महिनाभरात युद्ध संपत आले. ११ एप्रिलच्या भाषणात निदान काही काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क द्यावा असे तो बोलला. ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ होता. १४ एप्रिलला त्याने लिंकनवर गोळी झाडली. चार्ल्सटनच्या सभेपासून या भाषणापर्यंत सात वर्षांचेही अंतर नाही. लिंकनचे मोठेपण मला या अंतरात दिसते. जन्मतः निर्मळ असलेला महापुरुष मला तिथे दिसत नाही. परिस्थितीने, युद्धाने आणि फ्रेडरिक डग्लससारख्या स्वतः गुलामीतून सुटलेल्या माणसांनी ज्याला पुढे रेटले, आणि जो रेटल्यावर मागे सरला नाही, असा माणूस दिसतो. डग्लसनेच १८७६ मध्ये म्हटले होते, की आमच्या बाजूने पाहिले तर लिंकन मंद आणि थंड वाटतो, पण आपल्या देशाच्या तेव्हाच्या भावनेने मोजला तर तो चपळ, कळकळीचा आणि ठाम होता. यापेक्षा न्याय्य निवाडा माझ्या वाचनात नाही.

गेल्या महिन्यात महोत्सव समितीच्या बैठकीला शाळेत गेलो. चौकटीतले ते पत्र अजून तिथेच आहे. लिंकनच्या जपून ठेवलेल्या कागदपत्रांत असे पत्र कुठेही नाही. ते त्याच्या नावावर नंतर चढलेले आहे, हे मी बैठकीत सांगितले तेव्हा क्षणभर शांतता पसरली. ते काढावे असे मी म्हणालो नाही, त्या ओळींवर आमच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. मी एवढेच सुचवले, की त्या चौकटीशेजारी आणखी दोन चौकटी लावाव्यात. एकीत ग्रीलींना लिहिलेले पत्र, अगदी शेवटच्या वाक्यासह. दुसरीत मिसिसिपीचे निवेदन. सर आता नाहीत. त्यांच्या हातचे कागद माझ्याकडे आहेत, पण कार्बन आता जवळजवळ उडालाच आहे. म्हणून नवे भाषांतर करायला घेतले. मदतीला तीच वर्गमैत्रीण आहे, सध्या अकोल्याला वकिली करते. मजकूर पुरा झालाय. फक्त चौकटीवरच्या शीर्षकात ‘यादवी युद्ध’ म्हणायचे की आणखी काही, यावर तिचे आणि माझे रोज रात्री फोनवर चालू आहे. तिला तो शब्द नको आहे. मी म्हणतो ठेवू, आणि सरांनी ओढली होती तशी त्याच्याखाली एक रेघ ओढू.