लसूण

आज साताऱ्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं आमच्या मामांची उलटतपासणी झाली. मामा म्हणजे माझे अशील. वय ४३, मार्केट यार्डात हमाल. उजवा पाय गुडघ्याखाली गेलाय. पँटचा मोकळा पाय वर दुमडून दोन सेफ्टी पिना लावलेल्या, त्यातली एक गंजलेली.

विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "बसून करायची कामं जमतात ना?"

"जमत्यात की. घरात लसूण सोलतो."

कोर्टात कुणी हसलं नाही. मी फायलीत डोकं घातलं.

सगळं भांडण इथंच आहे. दाखल्यावर अपंगत्व ५० टक्के, म्हणून कमाईही निम्मीच बुडाली, हे कंपनीचं गणित. अहो, पोतं काय अर्धं उचलून चालतंय का? राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईचं नुकसान वेगळं. माणूस काय काम करत होता ते आधी बघा. बाकी ४३ वयाला १४ चा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईचं नुकसान गुणिले १४, त्यात वाद नाही.

निकाल मनासारखा नाही लागला तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील. पूर्वी त्यासाठी रात्रीची एसटी धरून मुंबई गाठायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, संध्याकाळी घरी परत (बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसच्या यादीत, नंबर लागला तर!).

बाहेर आल्यावर मामा हळूच म्हणाले, "मॅडम, लसणाचं बोलायला नको हुतं का?"

"नाही हो मामा, बरोबर बोललात."

चहाचे पैसे त्यांनीच दिले. ऐकेचनात.