आधी तारा, मग डबा

"टेबलावर दिवसेंदिवस बिनतक्रार चालणारं सर्किट गाडीत बसवलं की बिघडतं कसं? वायरलेस सेटचं बटण दाबलं की तापमानाचा आकडा उडी मारतो, कधी तर आर्ड्युइनो बोर्डच रिसेट होऊन पहिल्यापासून सुरू होतो. धातूच्या डब्यात बंद करू का?" हौशी रेडिओवाले आणि घरी सर्किटं जोडणारे, दोघंही मला हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहितो.

डबा कराच, पण तो शेवटी. आधी त्यातून बाहेर येणाऱ्या तारा बघा. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबी ५० सेंटिमीटर. डॅशबोर्डमागून सेन्सरकडे जाणारी तार सहज तेवढी भरते. तुम्ही तिला सेन्सरची तार म्हणता, पण रेडिओलहरींच्या लेखी ती उत्तम अँटेना असते. ५ वॅटच्या हातातल्या सेटपासून १ मीटरवर मोकळ्या जागेत विद्युतक्षेत्र दर मीटरला सुमारे १२ व्होल्ट असतं, ५० वॅटच्या सेटला त्याच्या तिप्पट. ही अँटेना आपण थेट मायक्रोकंट्रोलरच्या (आर्ड्युइनोवरच्या मुख्य चिपच्या) पिनला जोडून ठेवलेली असते. तशीच तार डब्याच्या भोकातून आत नेली, तर दार उघडं ठेवून भिंत जाड केल्यासारखं होतं.

पिनच्या आत काय घडतं ते समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक पिनला आतून संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) असतात. रेडिओलहर तिथे रेक्टिफाय होते, म्हणजे एकाच दिशेची होते, आणि मूळ सिग्नलवर थोडा डीसी (स्थिर) व्होल्टेज चढतो. एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग, तो इमानेइतबारे मोजतो. म्हणूनच प्रोग्राममध्ये शंभर रीडिंगांची सरासरी काढून उपयोग होत नाही; सगळीच्या सगळी रीडिंगं एकाच बाजूला सरकलेली असतात. लहर पिनपर्यंत पोचण्याआधीच अडवावी लागते.

त्यासाठी येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या पिनकडच्या टोकाला १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला जोडा. साधारण १६० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं दबायला लागतं, आणि तापमान, बटण किंवा इंधनाची पातळी यांना एवढा वेग लागतोच कुठे? पुष्कळ जण इथे जास्त भलं होईल म्हणून १०० नॅनोफॅरड लावतात आणि त्याचे पाय लांब ठेवतात. दोन्हीकडे १-१ सेंटिमीटर पाय राहिले तर मिळून सुमारे २० नॅनोहेन्री इंडक्टन्स (फ्रिक्वेन्सीबरोबर वाढणारा अडथळा) होतो. साडेतीन मेगाहर्ट्झच्या वर तो कपॅसिटर कपॅसिटर राहतच नाही, आणि लहर ग्राउंडला जायला जो अडथळा नगण्य हवा, तो १४५ मेगाहर्ट्झला १८ ओहमच्या आसपास जातो. पाय आखूड कापा, जमलं तर एसएमडी (बिनपायाचा, बोर्डावर थेट चिकटणारा) वापरा, पिनला अगदी खेटून लावा. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायचा बोर्ड) गाडीत नको असं मी आग्रहाने सांगतो ते याच कारणाने. एक अख्खी बाजू ग्राउंडची असलेला पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) केलात, तर निम्मी लढाई तिथेच जिंकाल.

रिसेट पिनकडे वेगळं लक्ष द्या. एटीमेगा३२८पी (आर्ड्युइनो उनोवरची चिप) मधला आतला पुल-अप, म्हणजे पिन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर, ३० ते ६० किलोओहमचा, म्हणजे अगदीच दुबळा असतो. बाहेरून ४.७ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड लावा. कपॅसिटर याहून फार मोठा घेतलात तर प्रोग्राम चढवताना आर्ड्युइनोचं आपोआप रिसेट होणं अडतं. न वापरलेल्या पिना लोंबकळत ठेवू नका. आय-टू-सीची (चिपांनी दोन तारांवर बोलायच्या पद्धतीची) जोडणी मुळात एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी आहे, ती गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढू नका; तिथे पीळ दिलेल्या जोडतारेवर कॅन किंवा आरएस-४८५ या लांब तारांसाठीच्या पद्धती घ्या. तारेवर फेराइटचं कडंही (लहर अडवणारं चुंबकीय मिश्रण) डब्यालगत घाला: व्हीएचएफसाठी (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) ४३ नंबरचं मिश्रण, एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१, आणि जागा असेल तर तारेचे दोन-तीन वेढे.

अर्थात प्रत्येक रिसेट रेडिओमुळेच होतो असं नाही. सेट बंद असतानाही होत असेल, तर सप्लाय तपासा. स्टार्टर मारताना १२ व्होल्ट ६ पर्यंत घसरू शकतात. आल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची जोडणी सुटली आणि आल्टरनेटरमध्ये संरक्षण नसलं, तर हाच सप्लाय ८० व्होल्टच्या पलीकडे उसळी घेऊ शकतो. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरची मर्यादा ३५ ची. फ्यूज, उलट जोडणीसाठी डायोड, टीव्हीएस (व्होल्टेजची उसळी गिळणारा डायोड) आणि मग रेग्युलेटर, असा क्रम ठेवा. वॉचडॉग (चिपमधला राखणदार टायमर) चालू ठेवा, पण तो अडकलेला प्रोग्राम फक्त पुन्हा सुरू करतो, चुकीचं रीडिंग दुरुस्त करत नाही. आणि कृपा करून ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग यांच्या तारांना हात लावू नका.

एवढं झाल्यावर डबा. आवरण असलेल्या केबलची जाळी डब्याच्या भिंतीलाच, चारही बाजूंनी जोडा. जाळीची शेपटी करून आत बोर्डावर सोल्डर केली, तर तिने पकडलेलं सगळं आतच येतं.

तपासणी मात्र गाडीतच करा. इंजिन चालू, तारा कायमच्या जागी, सेट पूर्ण पॉवरवर. सेटचं बटण दाबून रीडिंग बघा, मग बटणावरचा हात काढा, एक तार काढा, बटण पुन्हा दाबा, रीडिंग बघा. मग पुढची तार. ज्या तारेने फरक पडला, तिच्यावर आधी काम करा. सेट दोन बँडांचा असेल तर दुसऱ्या बँडवरही हे सगळं पुन्हा करा, कारण ४३५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी १७ सेंटिमीटरच आहे आणि तिथे वेगळीच, आखूड तार दोषी निघू शकते.