फुकटचा हलका हात

वहिनीने चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. चेष्टेला उलटं बोलता येतं. पण ती दारात उभी राहून बघत होती म्हणे, बराच वेळ, आणि मी विमान उडवायच्या खेळाचा व्हीआर हेडसेट उतरवला तेव्हा एवढंच म्हणाली, "किती अलगद असतो गं तुझा हात. खरंच काहीतरी धरल्यासारखा." आणि गेली आत.

हे कौतुक होतं की कणव, ते ठरत नाहीये. विचारायचीही सोय नाही. हल्ली घरात सगळेच माझ्याशी जरा जपून बोलतात, त्यात हे वाक्य कुठे बसवायचं? जाऊ दे, तो विषय आज नको.

तिला काय दिसलं असेल ते मात्र मला लख्ख दिसतंय. फिरती खुर्ची. माझ्या तोंडावर काळा डबा. डावी मूठ छातीसमोर अधांतरी, उजवी मधूनच पुढे-मागे. मग मी मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे बघते, कपाटाकडे, टक लावून. मला तिथे धावपट्टी दिसत असते. ती खांद्यामागे पंचेचाळीस अंशांवर गेली की डावीकडे वळायचं असतं. वहिनीला कपाटच दिसत असणार.

आज लँडिंग इतकं सुरेख झालं होतं! छोटंसं सेस्ना १७२, फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, पूर्ण उतरवलेले, फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग ६५ नॉट. साध्या पडद्यावर खेळायचे तेव्हा जमीन किती खाली आहे ते मला शेवटपर्यंत उमगायचं नाही, नाक कधी उचलायचं हा अंदाजपंचे मामला असायचा. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला आपलं वेगळं चित्र मिळतं, त्यामुळे खोली येते, आणि धावपट्टी दोन्ही बाजूंनी रुंदावत वर येतेय हे पोटात जाणवतं. चाकं टेकली ती अशी टेकली की मी एकटीच हसले. ते हसूही तिने पाहिलं असणार.

हसण्याचं काही नाही. तो अलगद हात डोक्यातून जात नाही.

खऱ्या विमानात हात हलका व्हायला कष्ट पडतात. वेग बदलला, पॉवर कमी केली, फ्लॅप उतरवले, की योक, म्हणजे विमानाचं हातातलं सुकाणू, हाताला ढकलायला लागतो, नाहीतर ओढायला. तो जोर आधी हाताने पेलायचा आणि मग ट्रिमचं चाक फिरवत राहायचं, जोर विरघळेपर्यंत. हात हलका झाला की समजायचं, विमान आता आपणहून या वेगाला राहील. हे मला नुसतं वाचून माहीत नाही. उजव्या सीटवर बसून दोन बोटांनी धरायला मिळालं होतं एकदा. तो जोर अजून मनगटात आहे. पुढे डोळ्यांचं ते निघालं, आणि मग सगळंच राहिलं.

माझ्या कंट्रोलरला जोर नाही. बटण दाबलं की आतला हात योकला चिकटतो आणि माझा हात इथे हवेत. विमान नाक खाली घालो नाहीतर पंखांचा आधार सुटायच्या, म्हणजे स्टॉलच्या, तोंडाशी येवो, मुठीला कशाचीच झळ लागत नाही. फार तर एक बारीक थरथर, फोनवर मेसेज आल्यासारखी. म्हणजे माझा हात पहिल्या क्षणापासून हलका. फुकटचा हलका. जे पायलट तासन् तास घालवून कमावतो, ते मला कंट्रोलरच्या खोक्यातच मिळालंय, आणि वहिनीला नेमकं तेवढंच दिसावं!

२०२१ मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने व्हीआर हेडसेटवर चालणाऱ्या प्रशिक्षण सिम्युलेटरला पहिल्यांदा मान्यता दिली, रॉबिन्सन आर२२ हेलिकॉप्टरच्या. ती बातमी मी दादाला पाठवली होती, बघ, हा नुसता खेळ नाही म्हणून. त्याने अंगठा पाठवला. मी त्याला हे नाही सांगितलं की त्या सिम्युलेटरमध्ये हातात खरी दांडी असते आणि बूड टेकतं तो प्लॅटफॉर्मही हलतो. तिथे फक्त खिडकीबाहेरचं जग खोटं. माझ्याकडे दांडीसुद्धा खिडकीबाहेरच्याच जातीची.

आणि तरी खांदा दुखतो! हे लिहितानाही दुखतोय. काहीएक न उचलता, न ओढता, माणसाचा खांदा भरून येतो म्हणजे कमालच म्हणायची. कोपराला टेकू नसेल तर हवा फार जड असते, हे आमच्यासारख्यांनाच माहीत.

इथे मला जरा हसू आलं, खरं सांगायचं तर.

एडविन लिंक नावाच्या अमेरिकनाने १९२९ मध्ये त्याचा ट्रेनर, म्हणजे जमिनीवर बसून उडायला शिकायचं खोटं विमान, बांधला तेव्हा बापाच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरले होते. हवेचे भाते फुगायचे, बसायचे, आणि आखूड पंखांचा तो डबा जागच्या जागी डुलायचा. सुरुवातीला गिऱ्हाईक कोण, तर जत्रेसारख्या करमणुकीच्या बागा. १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना अमेरिकन लष्कराचे वैमानिक खराब हवेत पटापट मेले, तेव्हा लष्कराने तोच डबा विकत घेतला. त्यात बसलेल्या पोरांनाही कुणीतरी दारातून बघितलंच असेल. झाकण लावलेल्या डब्यात, जमिनीवरून हातभर उंचीवर, घामाघूम.

त्यांना तिथे शिकवत काय होते, तर शरीराचं ऐकू नका. ढगात सावकाश, एकसारखं वळत राहिलं की काही सेकंदांत कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळच चाललोय असं वाटायला लागतं. मग वळण सोडलं की उलट्या बाजूला वळल्यासारखं वाटतं. समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा, कानावर नाही. माझं उलटं आहे. माझा कान बरोबर सांगत असतो, की बाई, तू खुर्चीत बसली आहेस. डोळे ऐकत नाहीत. सुरुवातीला या भांडणात मळमळायचं, हेडसेट काढून लादीवर आडवं पडावं लागायचं. आता कानाने नाद सोडलाय.

रात्री पुन्हा बसले. थोडी रुसूनच. ट्रिम हाताला कळत नाही तर कळवून घ्यायचं कसं, म्हणून वर दोन हजार फुटांवर नेऊन योक सरळ सोडून दिला. बटणावरचं बोट काढलं. नाक लगेच खाली गेलं. म्हणजे इतका वेळ मी ते धरून ठेवलं होतं, फक्त मला लागत नव्हतं. धरलं, चाक थोडं फिरवलं, पुन्हा सोडलं. या खेपेला क्षितिज जरा वर चढलं. असं करत करत शेवटी सेस्ना दोन्ही हात सोडूनही बऱ्यापैकी सरळ राहिली, आणि मी मांडीवर हात ठेवून खाली पाहिलं. सेस्नात मला मांड्या नाहीतच. सीट आहे, सीटवर कुणी नाही, आणि समोर दोन हातमोजे तरंगतायत. आपण नसताना विमान बरं चाललंय, असं काहीसं. त्याचंही वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

शनिवारी आडव्या वाऱ्यात उतरायचंय. तिथे टेकण्याआधी वाऱ्याकडे तिरकं धरलेलं नाक धावपट्टीच्या रेषेत आणायला रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, लागतो, रडरला पाय लागतात, आणि या सगळ्या सामानात पायांची सोयच नाही, रडर अंगठ्यावर आहे. पाच अंशांचं तिरकं विमान अंगठ्याने सरळ करायचं. वहिनी घरी नसेल असं बघते.