पूर्वरंग उलटा, उत्तररंग सुलटा

काकांच्या घरून आलेल्या टेपच्या अकरा स्पूलांपैकी एका सात इंची स्पूलच्या डब्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'कीर्तन, भाद्रपद १९६८'. त्यावर निळ्या बॉलपेनने काट मारून खाली दादाने लिहिलंय, 'विविध भारती, मिक्स'. आमच्या नौपाड्यातल्या गल्लीच्या गणपतीत झालेलं ते कीर्तन, पेटीवर बाबा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याने त्यावर गाणी भरली तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि तेव्हापासून ह्या गोष्टीचं त्याला वाईट वाटतं. कीर्तन गेलं, असंच घरात सगळे धरून चालले होते.

ते गेलेलं नव्हतं. ते परत कसं मिळालं ते सविस्तर लिहिते, कारण कितीतरी घरांत माळ्यावर अशा स्पूल 'खराब झाल्या' म्हणून पडून आहेत.

काकांकडे आधी व्हॉल्व्हवाला ग्रुंडिग टेपरेकॉर्डर होता. १९७८ मध्ये दादाने कुवेतहून अकाईचा तीन हेडचा स्टिरिओ डेक आणला. हेड म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, ह्यात पुसायचं, रेकॉर्ड करायचं आणि वाजवायचं अशी तीन वेगळी. टेप दोन्हींवर तीच बसते, पाव इंच रुंदीची, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. फरक आहे तो त्या सव्वासहा मिलिमीटरवर आवाज कुठे लिहिला जातो ह्यात. ग्रुंडिग हाफ-ट्रॅक मोनो. वरच्या अर्ध्या भागात दोन-सव्वादोन मिलिमीटरचा एक पट्टा लिहायचा, मग स्पूल उलटी करून लावली की खालच्या अर्ध्यात दुसरा, उलट दिशेने. अकाई क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओ. त्याचे पट्टे चार, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटरचा. वरून मोजलं तर पहिला आणि तिसरा एका बाजूला डावा-उजवा म्हणून वाजतात, आणि स्पूल उलटवली की चौथा आणि दुसरा.

म्हणून ग्रुंडिगची टेप अकाईवर लावली की डाव्या स्पीकरमधून माणूस बोलतो आणि उजव्यातून कोणीतरी परक्या भाषेत उलटं बोलतंय असं वाटतं. तिसऱ्या पट्ट्याचं हेड टेपच्या दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यावर येतं, इतकंच कारण. टेप धडधाकट असते. उजवा चॅनेल बंद केला की निम्मी अडचण तिथेच मिटते, आणि हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बऱ्याच स्पूल वाचल्या असत्या.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या कामात सव्वीस वर्षं काढली. मायक्रोमीटर आणि फिलर गेज हातात असल्याशिवाय मला चैन पडत नाही. दादाचा डेक माझ्याकडे आला तेव्हा बेल्ट बदलून, हेडं आयसोप्रॉपिलने पुसून, डीमॅग्नेटाइज करून मी आधी सगळ्या स्पूल नुसत्या ओळखून घेतल्या. उजेडासमोर धरल्यावर कडेने उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेटची. ती ताणत नाही, सरळ तुटते, आणि तुकडे नीट जोडता येतात. पॉलिएस्टरची तुटण्याआधी ताणते, आणि ताणलेला भाग परत पूर्वीसारखा होत नाही. अकरापैकी सात निव्वळ हाफ-ट्रॅक निघाल्या.

त्या सातांसाठी हाफ-ट्रॅकचं हेड हवं होतं. क्वार्टर-ट्रॅक हेड दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातला एकच मिलिमीटर वाचतं. पूर्ण पट्टा वाचला तर आवाजाच्या मानाने खरखर साधारण तीन डेसिबलने कमी होते, आणि टेपवर बारीक टवका उडालेला असला तरी आवाज दर वेळी गचकत नाही. आता हे हेड बसवायचं कुठे? मी ह्या डेकवर रेकॉर्डिंग कधीच करणार नाही. म्हणून रेकॉर्ड हेडच काढलं आणि त्याच्या जागी चोर बाजारातल्या मोडीत निघालेल्या एका मशीनमधलं हाफ-ट्रॅक प्ले हेड बसवलं. घेताना घड्याळजीच्या भिंगाने झीज बघितली. हेडमधल्या तारेच्या गुंडाळीचं इंडक्टन्स मोजलं, ते मूळ प्ले हेडच्या जवळपास निघालं. रेकॉर्ड करायला आणि पुसायला लागणाऱ्या ऑसिलेटरचा सप्लायही काढून टाकला. आता चुकून कोणती कळ दाबली गेली तरी ह्या मशीनवर काहीही पुसलं जाऊ शकत नाही. सगळ्यात जास्त समाधान मला ह्याचं आहे.

दोन्ही हेडं एका टॉगल स्विचवर आणली. शिल्ड वायर लॅमिंग्टन रोडवरची, आणि शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला. पहिल्या दिवशी मी ते दोन्ही टोकांना केलं होतं आणि घूं घूं ऐकत संध्याकाळ घालवली.

एक गोष्ट मात्र मला वापरून बघेपर्यंत नीट उमगली नव्हती. रुंद पट्टा वाचणारं हेड जास्त देतं, पण ते जास्त हट्टीही असतं. सेकंदाला ९.५ सेंटिमीटरच्या स्पीडला १०,००० हर्ट्झची एक लाट टेपवर साडेनऊ मायक्रॉनची असते. हेडची फट अंशाच्या दहाव्या भागाने जरी तिरकी झाली तरी दोन मिलिमीटरच्या पट्ट्यावर वरचे आणि खालचे टोक साडेतीन मायक्रॉनने मागेपुढे होतात आणि झांजा बोथट वाजायला लागतात. एक मिलिमीटरच्या हेडवर तेवढीच चूक जाणवतसुद्धा नाही. म्हणून ॲझिमथचा, म्हणजे हेडचा हा तिरकेपणा बदलणारा, स्क्रू मी प्रत्येक स्पूलला नव्याने लावते. आवाज सगळ्यात टोकदार होईल तिथे थांबायचं. काकांच्या ग्रुंडिगचं हेड ज्या तिरक्या कोनात होतं त्या कोनात मला यावं लागतं, मग तो कोन बरोबर असो की चूक.

आता ती कीर्तनाची स्पूल. सरळ लावली तर विविध भारती, दोन्ही चॅनेलवर, झकास. उलटवून लावली आणि मी खुर्चीतून उठलेच. डावीकडून बुवा आख्यान सांगत होते, स्वच्छ, मागे टाळ आणि पेटी. उजवीकडून अगदी बारीक आवाजात काहीतरी उलटं.

मी टेपच्या शेवटच्या कोऱ्यासारख्या वीतभर तुकड्यावर स्पिरिटमध्ये कालवलेली लोखंडाची अगदी बारीक पूड लावून वाळवली आणि भिंगाखाली धरली. (हा तुकडा नंतर कापून टाकायचा, पूड हेडपर्यंत जाता कामा नये.) पट्टे चक्क दिसतात. दादाने एकच बाजू भरली होती. त्याच्या डेकने पुसला तो पहिला आणि तिसरा पट्टा. ग्रुंडिगच्या दुसऱ्या बाजूचा बराचसा भाग चौथ्या पट्ट्यावर शाबूत होता, म्हणजे कीर्तनाचा उत्तररंग. पहिल्या बाजूवरचा पूर्वरंग वरून जवळजवळ सव्वा मिलिमीटर पुसला गेला होता, पण त्याखाली एक मिलिमीटरची पट्टी उरलेली होती. तीच स्पूल उलटवल्यावर दुसऱ्या पट्ट्याच्या हेडला अर्धवट लागत होती, आणि उलट दिशेची म्हणून उलटी वाजत होती.

कॉम्प्युटरवर घेऊन उलटवलं तर ऐकू येतं, पण अर्ध्याहून कमी पट्टी आणि सगळी खरखर. नवीन हाफ-ट्रॅक हेड इथे निरुपयोगी. त्याला वरची फिल्मी गाणी आणि खालचं निरूपण एकत्रच वाजतं. हवं होतं ते अरुंद हेड, त्याच्या जागेपासून १.३ मिलिमीटर खाली.

वागळे इस्टेटला रोड नंबर १६ च्या आतल्या एका गाळ्यात लेथ चालवणारा मुलगा आहे, माझ्या नोकरीपासूनच्या ओळखीचा. त्याला पितळेची पाटी करून द्यायला सांगितली. हेडची बैठक १.३ खाली आणि स्क्रूची भोकं मूळ जागीच. तो म्हणाला, "ताई, एवढ्यासाठी शिम घातली तर?" शिम म्हणजे खाली सरकवायची पातळ पट्टी, तिने हेड वर जातं, खाली नाही. मग त्याने पाटीत खाच घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या मायक्रोमीटरवर १.३१ आलं. त्याचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मी दिले. आता माझ्याकडे दोन पाट्या आहेत, एकीवर हाफ-ट्रॅक हेड, दुसरीवर खाली बसवलेलं क्वार्टर-ट्रॅक. अर्ध्या तासात बदलतात. मूळ रेकॉर्ड हेड, त्याचे स्क्रू आणि स्प्रिंगा पिशवीत, चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत. जुनं मशीन फोडू नये असं मानणाऱ्यांशी मी सहमत आहे, आणि ह्या डेकवर मी एकही नवीन भोक पाडलेलं नाही.

पूर्वरंग सरळ वाजला. बासच्या ठिकाणी शेजारच्या पट्ट्यावरचा ढोलक हलकासा झिरपतो, तो काढता येणार नाही. पण निरूपणाचा शब्द न् शब्द कळतो.

एक शंका राहिली होती. सूर चढे वाटत होते. आवाजाचा आलेख काढला तर खाली विजेच्या लाइनचे दोन घूं दिसले, एक बरोबर ५० हर्ट्झचा, माझ्या डेकचा आजचा, आणि दुसरा ५१ चा, टेपमध्ये तेव्हाच लिहिला गेलेला. म्हणजे ग्रुंडिग दोन टक्के हळू चालत असावा, हळू भरलेलं बरोबर स्पीडला चढं वाजतं. पण त्या काळी लाइनची फ्रिक्वेन्सीही वरखाली व्हायची, नुसत्या घूंवर विसंबता येत नाही. आई म्हणाली, "अगं, पेटी आहे ना माळ्यावर." बाबांची पेटी, तीच. काढली, पुसली. आईने भाता धरला, ८४ वर्षांच्या हाताने, आणि मी काळी एक दाबून टेपमधल्या षड्जाशी लावून पाहिली. टेप काळी एक आणि पांढरी दोन ह्यांच्यातल्या अंतराच्या एक तृतीयांशाने चढी. दोन टक्के म्हणजे तेवढंच होतं. स्पीड ०.९८ वर आणला, आणि आईने पेटी न थांबवता मान हलवली. वरच्या सप्तकातला एक सूर पेटीत किरकिरतो. तो टेपमध्येही किरकिरतोय.

बाकीच्यांपैकी सेकंदाला १९ सेंटिमीटर स्पीडची एक स्पूल युरोपियन आयईसी पद्धतीने भरलेली दिसते. वरचे सूर भरताना आणि वाजवताना किती उचलायचे ह्याची ही ठरलेली पद्धत, मायक्रोसेकंदांत सांगतात. माझा डेक अमेरिकन नॅब पद्धतीचा, ५० मायक्रोसेकंदांचा, तिला हवेत ७०. वरचे सूर तीन डेसिबलपर्यंत दबतात, ते कॉम्प्युटरवर सुधारते आहे.

दादाला दोन्ही फाइल पाठवल्या आहेत. त्याने अजून उघडलेल्या नाहीत. रविवारी इथे येऊन, आईजवळ बसून ऐकतो म्हणाला.