मिनी पेटीतला एलपीबी-1 बूस्टर: नोंद दुसरी

गिटारचा आवाज वाढवणारं हे छोटं पेडल. आजची स्थिती: बोर्ड वाजतोय, स्विचची जोडणी बदलून झाली, 1590ए या छोट्या धातूच्या पेटीला भोकं पाडून झाली. रंग बाकी.

सर्किट इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-1चं, म्हणजे ‘लिनिअर पॉवर बूस्टर’चं. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बोर्डावरचे सुटे भाग 100 रुपयांच्या आत मिळतात. खरा खर्च पेटी, स्विच आणि जॅकचा. काटकसर रेझिस्टरमध्ये खुशाल करा, जॅकमध्ये करू नका. महिन्याभरात पेडल खरखरायला लागलं तर दहापैकी नऊ वेळा दोष जॅकच्या पात्यात असतो, सर्किटमध्ये नाही.

बोर्ड

मूळ सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला 430के आणि 43के रेझिस्टर आहेत (के म्हणजे हजार ओहम). हे आकडे छोट्या दुकानात सहसा मिळत नाहीत. 470के आणि 47के लावा. दोन्ही जोड्यांचं गुणोत्तर तेच, एकास दहा, त्यामुळे बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला बसून मिळणारं व्होल्टेज, हलत नाही. बाकीच्या दोन पायांपैकी कलेक्टरला 10के, एमिटरला 390 ओहम. आत येताना आणि बाहेर जाताना 0.1 मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर. बाहेरच्या कपॅसिटरनंतर 100के पॉट: वरचं टोक कपॅसिटरला, खालचं ग्राउंडला, मधला पाय आउटपुटला. पॉट लॉग, म्हणजे कानाच्या हिशोबाने वाढणारं, घ्या. लिनिअर लावलं तर सगळी वाढ पहिल्या पाव फेरीतच संपते. आजच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. जुन्या मालात हे उलटंही सापडतं, म्हणून पॉट मधोमध ठेवून मीटर लावा. 50केच्या आसपास दाखवलं तर लिनिअर, 10 ते 20के दाखवलं तर लॉग.

ट्रान्झिस्टरपाशी सगळ्यात जास्त बोर्ड अडतात. आराखड्यात 2एन5088 असतो, आपल्याकडे सहज मिळतो बीसी549सी. सपाट बाजू आपल्याकडे करून डावीकडून बघितलं तर 2एन5088चे पाय एमिटर, बेस, कलेक्टर, आणि बीसी549चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे आराखडा तसाच ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर उलट्या तोंडाने बसवायचा. उलटा लागला तरी तो जळत नाही, आवाजही येतो, पण मरगळलेला. त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. व्होल्टेज मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

पुरवठा 9 व्होल्ट असताना कलेक्टरला 4.5 ते 5.5 व्होल्ट हवेत, एमिटरला 0.15च्या आसपास. कलेक्टरला पूर्ण 9 दिसले तर ट्रान्झिस्टर चालूच नाही: बेसचा सांधा कोरडा नाही ना, ते बघा. 470के आणि 47केची अदलाबदल झाली असेल तर मात्र कलेक्टर जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या खाली अडकतो. हा बायस उष्णतेलाही हलतो. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतं. तापमान 20 अंशांनी वाढलं की 40 मिलिव्होल्ट, आणि 390 ओहम व 10केच्या हिशोबाने कलेक्टरवर जवळपास 1 व्होल्टचा फरक. जानेवारीत लावलेला बोर्ड मे महिन्याच्या दुपारी थोडा वेगळा वाजतो, त्याचं कारण हे.

वाढ साधारण 20 पट, म्हणजे 26 डेसिबल. हमबकर, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपने जोरात छेडलेला सूर एवढ्या वाढीत बोर्डालाच फोडतो. ती फोड बोचरी नाही, कानाला बरी लागते, आणि पुढच्या अ‍ॅम्पला ढकलायला तीच हवी असते.

आत येणारा कपॅसिटर

या बोर्डाचा इनपुट रोध फक्त 35केच्या आसपास आहे. पिकअपला 500के ते 1 मेगचा भार आवडतो, त्यामुळे गिटार थेट इथे जोडली की वरचे सूर दबतात. दोष म्हणा किंवा स्वभाव, एलपीबी-1चा जाड आवाज याच्यातूनच येतो. पेडल साखळीत बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) असलेल्या पेडलनंतर ठेवलं, उदाहरणार्थ बॉसच्या कुठल्याही नेहमीच्या कॉम्पॅक्ट पेडलनंतर, तर चमक परत येते. दोन्ही जागा ऐकून ठरवा. हा फरक पॉट फिरवून मिळत नाही.

याच 35केमुळे कपॅसिटर बदलून स्वरही बदलता येतो. 0.1 मायक्रोफॅरडला खालची सीमा सुमारे 45 हर्ट्झ, म्हणजे जाड ई तार, जी 82 हर्ट्झची, पूर्ण निघते. 47 नॅनोला सीमा 100च्या जवळ येते, 22 नॅनोला 200, आणि 10 नॅनोला 450. 10 नॅनोवर हे पेडल ट्रेबल बूस्टर होतं. फुगणाऱ्या अ‍ॅम्पसाठी 22 नॅनो सगळ्यात कामाचा वाटला, तोच या बोर्डावर ठेवला आहे.

मध्यम लहरीवरची आकाशवाणी ऐकू आली तर कलेक्टर आणि बेसमध्ये 47 पिकोफॅरडचा सिरॅमिक लावा. 100 पिको नको. वाढीमुळे तो कपॅसिटर बेसवर वीसपट मोठा होऊन बसतो आणि गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला की आवाज मातकट होतो.

वीज

9 व्होल्ट, पिनचा आतला भाग ऋण. राउटरचे बरेच 9 व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर आत धन असतात. पिन तीच बसते, म्हणून घात होतो. धन तारेत 1एन5817 डायोड मालिकेत टाकला की उलट पुरवठा आत शिरत नाही, आणि नुकसान जेमतेम पाव व्होल्टचं. त्याच्यापुढे 100 ओहम आणि 100 मायक्रोफॅरड. एलईडीला 4.7के, त्यात सुमारे 1.5 मिलिअँप. सगळं मिळून 2 मिलिअँप. 1590एमध्ये बॅटरीला जागा नाही, तो विचार सोडून द्या.

स्विच

पहिल्या जोडणीत बायपासवर, म्हणजे पेडल बंद असताना, बोर्डाचं इनपुट मोकळं लोंबत होतं, आणि एवढ्या वाढीचं सर्किट तसं सोडलं की शेजारच्या तारेत कुजबुज उतरते. आता बायपासवर इनपुट ग्राउंडला जातं. 3पीडीटी, म्हणजे नऊ पायांच्या या स्विचची मधली रांग 4, 5, 6 धरली तर: इनपुट जॅक 1 आणि 8ला, बोर्डाचं इनपुट 4ला, बोर्डाचं आउटपुट 2ला, आउटपुट जॅक 5ला, एलईडीचं ऋण टोक 6ला, ग्राउंड 3 आणि 7ला, 9 रिकामा. उभ्या ओळी 1-4-7, 2-5-8, 3-6-9 अशाच आहेत याची मीटरने खात्री करा. स्विच 90 अंशांनी फिरलेला असेल तर काहीच जुळत नाही. ‘टक्’ येऊ नये म्हणून बोर्डाच्या इनपुटपासून ग्राउंडला 2.2 मेग.

पायाला डाग देताना 2 ते 3 सेकंदांहून जास्त आयर्न टेकवू नका. आतलं प्लास्टिक मऊ होतं, पात्याची बैठक वाकते, आणि स्विच दाबला जातो पण एकच खांब जुळत नाही.

पेटी

1590ए बाहेरून 93 बाय 39 मि.मी. उघडे जॅक समोरासमोर लावले तर एकाचं पातं दुसऱ्याच्या अंगावर येतं. केंद्रांमध्ये 20 मि.मी.चं अंतर ठेवून खालीवर लावा, आणि दोन्हींत प्लग घालून बघितल्याशिवाय भोकाची खूण करू नका, कारण प्लग गेला की पातं आणखी बाहेर येतं. आधी पंच, मग 3 मि.मी., नंतर स्टेप ड्रिल: स्विचला 12, जॅकला 9.5, पॉटला 7. बोर्डाच्या पाठीला जाड पुठ्ठा, नाहीतर पॉटचं धातूचं कवच बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्यांना चिकटतं.

पुढच्या वेळी याच बोर्डाच्या तोंडाशी जेफेट जातीच्या ट्रान्झिस्टरचा बफर बसवायचा आहे, आतल्या टॉगलने चालू-बंद होणारा, म्हणजे दबलेला आणि चमकदार असे दोन्ही आवाज एकाच पेटीत राहतील. आत्ताच्या 10 बाय 9 भोकांच्या बोर्डात तो मावत नाही. मांडणी 13 भोकांपर्यंत वाढवावी लागेल आणि पॉट 16 ऐवजी 9 मि.मी.चं घ्यावं लागेल.