आजीला माहीत होतं, मग तुम्ही काय शोधता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'अडुळसा खोकल्यावर चालतो हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं, मग लॅबमध्ये वर्षानुवर्षं बसून तुम्ही नवीन काय शोधता?' हे मला लग्नाच्या पंगतीत, पाषाणच्या बसमध्ये आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलंय. तेही माझं तोंड उघडं असताना.

आजीला झाड माहीत होतं, त्यातला रेणू नव्हता. तो झाडातून वेगळा काढून ओळखणं, हे माझं काम. अडुळशातलं व्हॅसिसीन हे संयुग वेगळं निघालं, त्याची रचना कळली, त्यात फेरफार करून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध झालं. तुमच्या खोकल्याच्या बाटलीवर बघा, सापडेल.

काम मात्र किचकट. पाच किलो वाळलेलं मूळ भरडून मिथेनॉलमध्ये भिजत घालायचं, गाळायचं, रोटाव्हेपरवर, म्हणजे सॉल्व्हंट (द्रावक) उडवून टाकणाऱ्या यंत्रावर, आटवायचं. उरतो काकवीसारखा चिकट अर्क. तो सिलिका जेलच्या कॉलमवर, म्हणजे पावडर भरलेल्या काचेच्या उभ्या नळीत, चढवला, की वरून हेक्झेन हे सॉल्व्हंट, मग थोडं थोडं इथाइल ॲसिटेट वाढवत जायचं आणि एकामागून एक उतरणारी संयुगं धरायला खाली टेस्ट ट्यूब बदलत बसायचं. दीडशेएक होतात. प्रत्येकीतला थेंब टीएलसी प्लेटवर (संयुगं वेगळी करून दाखवणाऱ्या सिलिकाच्या पट्टीवर) लावून, रंग आणणारं ॲनिसाल्डिहाइड फवारून प्लेट तापवली, की जांभळे-गुलाबी ठिपके उमटतात. एवढं करून हाती येतात सहा-सात मिलिग्रॅम. आणि बहुतेकदा ते निघतं बीटा-सिटोस्टेरॉल. झाड कुठलंही घ्या, ते भेटतंच. सदाशिव पेठेत जोशी भेटावेत तसं.

माझ्या पहिल्या 'नव्या' संयुगासाठी मी पेढेसुद्धा आणले होते. गाइडनी मास स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेणूच्या तुकड्यांची वजनं दाखवणाऱ्या आलेखाचा, कागद हातात घेतला, 149 वरच्या उंच रेघेवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "सॉल्व्हंट कुठल्या कॅनमधून घेतलंस?" थॅलेट होतं, प्लॅस्टिक लवचिक करायला घालतात ते. तीन आठवडे मी कॅनमधलं संयुग शुद्ध करत होते. पेढे सगळ्यांनी खाल्ले.

खरंच नवं निघालं, तरी कुठला कार्बन कुणाशेजारी बसलाय हे एनएमआर या चुंबकीय तपासणीवरून लावण्यात महिने जातात. आणि पुढे औषध होईलच असं नाही. झालंच, तरी वर्षं जातात. कर्करोगावरच्या टॅक्सॉलची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली, अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 मध्ये. ती रचना शोधणाऱ्यांतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. त्याआधी, 1966 मध्ये, त्यांनी त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांच्यासोबत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्ध चालणारं संयुग काढलं. तेच पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं आणि नरक्याची बेसुमार तोड झाली. नवं सापडलं की झाडाचं भलंच होतं असं समजू नका.

परवा शेजारच्या काकू गुळवेलीचा तुकडा घेऊन आल्या. "यात काय काय आहे, जरा बघून सांग गं." म्हटलं, काकू, आधी ही गुळवेलच आहे का ते बघू, हुबेहूब तिच्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या बहिणी आहेत. फुलं आली की आणा, कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून घेऊ.

काकू म्हणाल्या, "अगं, मी तर रोज काढा घेतेय!"